यशवंतमामांची सीट

सोयरीक मोडायला माणसांना फारशी कारणे लागत नाहीत. तरीही मोटारीच्या सीटवरून मोडू घातलेली सोयरीक प्राजक्ताच्या ऐकिवात ही पहिलीच होती, आणि ती तिची स्वतःची होती.

निघोज्याच्या दौलतरावांचा मुलगा ज्ञानेश आणि भोसरीची प्राजक्ता यांचे आधी एकमेकांशी जमले होते आणि मग, पुष्कळ बोलण्यानंतर, घरच्यांशी. ज्ञानेशचा तळवड्यात प्लास्टिकचे सुटे भाग काढण्याचा लहानसा कारखाना होता. प्राजक्ता चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या सीटांच्या चाचण्या घेत असे. सीटवर वजनी पुतळा बसवायचा, उठवायचा, पुन्हा बसवायचा आणि शेवटी काय तुटले ते पाहायचे, असे तिच्या नोकरीचे स्वरूप होते. तिचे वडील ज्योतीराम धाराशिवकडून येऊन भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर स्थिरावलेले. दौलतरावांचे घराणे मात्र निघोज्याचे जुने. त्यांच्या शेतात कंपन्या उगवल्या आणि कंपन्यांच्या कृपेने दारात मोठी गाडी उभी राहिली. मुलगी बाहेरगावची आहे, जास्त शिकलेली आहे आणि विचारले की सांगते, हे तिन्ही दोष पत्करून निघोजेकरांनी सुपारी फोडली.

विघ्न त्याच दिवशी आले होते, पण तेव्हा त्याला कोणी विघ्न म्हटले नाही. भोसरीकडे येताना गाडीची पुढची डावी सीट आपोआप पुढे सरकू लागली. तिच्यावर मुलाचे मामा यशवंतराव बसले होते. मामा अंगाने भरदार. आधी त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले, मग रुतले, आणि फेटा काचेला लागला तेव्हा सीट थांबली. मंडळी हसली. मामाही नंतर हसले.

पुढे साखरपुड्याचा बस्ता बांधायला सगळे निघाले, तेव्हा मोशीच्या अलीकडे सीट पुन्हा निघाली. या वेळी कोणी हसले नाही. गाडी तिथूनच वळवली.

गाडी शोरूममध्ये नेली. त्यांनी ती काही दिवस ठेवून घेतली आणि धुऊन परत दिली.

निकाल दिला तो कुसुमताईंनी. या दौलतरावांच्या थोरल्या भगिनी. वैधव्यानंतर माहेरीच राहिलेल्या आणि घरातला शेवटचा शब्द ज्यांचा असतो अशा. त्या म्हणाल्या, "एरवी ही सीट कंदी हलती का? न्हाई. पोरीच्या कामाला निघालं की हलती. वाट अडवतंय कुणीतरी. येवढं कळंना व्हय तुमाला?"

सीट पुढे जात होती, म्हणजे भोसरीच्याच दिशेने जात होती. ती वाट अडवत होती असे म्हणायला भौतिकशास्त्राचा कोणताच आधार नव्हता. परंतु हा मुद्दा मांडायला प्राजक्ता तेथे हजर नव्हती.

तिला सगळे कळले ते तळवड्यात, ज्ञानेशच्या कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर.

"दोनदा झालं गं," ज्ञानेश म्हणाला.

"दोनदा म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे दोन नमुन्यांवर निष्कर्ष काढला तर साहेब घरी पाठवतात."

"आत्या आमच्या साहेब आहेत आणि त्यांनी निष्कर्ष काढलाय. येत्या रविवारी बाबा, आत्या, मामा तुमच्याकडे येणार आहेत. समोर बसून नीट सांगायचं म्हणतात. फोनवर मोडणं बरं दिसत नाही."

"आणि तू?"

"मी गाडी चालवणार."

प्राजक्ताने ग्लास खाली ठेवला. "मोडायला येताना गाडी तू चालवणार."

"दुसऱ्या कुणाला त्या गाडीला हात लावू देत नाहीत ना," ज्ञानेश म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्याही लक्षात आले. "मी भांडलो गं. बाबा म्हणाले, सीटचं कारण दाखव, मग बोल. मला मोल्डिंग मशीन कळतं. सीट तुला कळते."

या माणसाशी लग्न करायचे तिने विचारांती ठरवले होते. आपल्याला काय कळत नाही हे सांगताना त्याचा आवाज बदलत नसे, हा त्या निर्णयातला मोठा भाग होता. लोखंडाच्या दोन पट्ट्यांवर सरकणाऱ्या फोमच्या तुकड्यापायी हा निर्णय फिरू द्यायला ती तयार नव्हती.

"गाडी दाखव," ती म्हणाली.

कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत तिने सीटची तपासणी मांडली. स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचल्या: एकही दोष नोंदलेला नव्हता. मीटरने बॅटरी पाहिली, सीटखालची जोडणी पाहिली, अर्थिंग पाहिले. सगळे जागच्या जागी. सीट पुढे-मागे नेताना मोटर किती करंट ओढते ते मोजले, दोन्हीकडे सारखाच. अर्धवट तुटलेली तार हलवल्याशिवाय खरे बोलत नाही, म्हणून तारांचा जुडगा हाताने पिळून पाहिला. सीटखाली भंडारा, अक्षता, वाळलेले लिंबू आणि एक नाणे निघाले. हळदीची पूड ओल धरते, म्हणून तिला क्षणभर आशा वाटली. पण पूड कोरडी होती आणि जोडणीपासून लांब. दाराच्या बाजूचा स्विच, ज्याने बसणारा माणूस आपली सीट हलवतो, तिने उघडला. आतले सगळे नव्या नाण्यासारखे चकचकीत होते.

"मामांची मांडी लागत असेल स्विचला," ज्ञानेश म्हणाला.

शंका वाजवी होती. त्यांनी कारखान्यातली कच्च्या मालाची पोती आणून सीटवर रचली आणि मामांच्या वजनाला पोचेपर्यंत रचत राहिले. गाडी खड्ड्यांतून फिरवली. पोती डुलली, पण सीट हलली नाही.

'दोष आढळला नाही' हे चाचणीच्या धंद्यातले सर्वांत अप्रिय वाक्य. त्याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. विचारणाऱ्याने चुकीचा प्रश्न विचारला, एवढाच होतो. प्राजक्ता पोत्यांशेजारी उभी राहून विचार करू लागली.

"एरवी या गाडीत कोण कोण बसतं?"

"मी. कधी बाबा. आई आणि बाकीची मंडळी जीपमध्ये."

"आणि त्या दोन्ही दिवशी?"

"मी, मामा पुढे. मागे बाबा, आत्या मधे, आणि पलीकडे सामानाची टोपली."

"रविवारी?"

"तेच. टोपली सोडून. मोडायला जाताना काय न्यायचं?"

"मग टोपलीच्या जागी मी बसते," प्राजक्ता म्हणाली. "सकाळी माझी शिफ्ट आहे. सुटले की कुरुळी फाट्यावर थांबते. तेच लोक, त्याच जागा, तोच रस्ता. बाकी काही बदलायचं नाही."

ज्ञानेशने तिच्याकडे पाहिले. "तू स्वतःचं लग्न मोडायला आमच्याबरोबर येणार?"

"नाही तर पाहणार कसं? आणि सीट रविवारीही सरकली, तर मला आत्यांना एकच विचारायचंय. जमवायला निघाल्यावर सरकते, मोडायला निघाल्यावरही सरकते. मग सीटचं म्हणणं काय?"

घरी या सूचनेवर बरीच चर्चा झाली. लग्नाआधी मुलीने सासरच्या गाडीत बसावे काय, हा प्रश्न कुसुमताईंनी उपस्थित केला. दौलतरावांनी तो असा सोडवला: "सून म्हनून न्हाई येत ती. इंजिनियर म्हनून येती. आन् मोडायलाच चाललोय, तर आता बसली काय आन् न बसली काय!" यशवंतरावांची हरकत निराळी होती. "पुडं मीच का?" त्यांनी विचारले. चाचणीला तेच माणूस लागते, असे ज्ञानेशने सांगितले. मामांनी फेटा बांधायचे मात्र नाकारले. एवढा फरक चालेल, असे प्राजक्ताने फोनवरून कळवले.

रविवारी दुपारी ती कुरुळी फाट्यावर गाडीत चढली. खांद्याला मीटरची पिशवी, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. कुसुमताई मधोमध बसल्या होत्या. त्यांना गाडी लागत असे आणि समोरचा रस्ता दिसला की त्रास कमी होई, म्हणून ही जागा त्यांची ठरलेली. प्राजक्ताने नमस्कार केला.

"बस," कुसुमताई म्हणाल्या. "घरचे बरे हायेत?"

"बरे आहेत. तुमची वाट बघतायत."

हे अगदी खरे असल्यामुळे दौलतराव खिडकीबाहेर पाहू लागले.

प्राजक्ताने स्कॅनर जोडला आणि नजर पडद्यावर ठेवली. नाशिक रस्त्याला नेहमीसारखे कंटेनर रांगेत उभे होते. त्यांच्यामधून ज्ञानेश गाडी काढत होता. थोडे अंतर बिनबोभाट गेले. मग एक टेम्पो आडवा आला, ज्ञानेशने ब्रेक दाबला, गाडी हिसका देऊन पुन्हा निघाली, आणि सीटखालची मोटर गुरगुरू लागली.

"आली!" यशवंतराव ओरडले. "दाजी, आली! आक्का, धरा!"

"धरलीय रं, धरलीय!" कुसुमताई म्हणाल्या. "म्या हाय म्हनून वाचतोस दर टायमाला!"

प्राजक्ताने पडद्यावरून नजर वर उचलली.

कुसुमताईंचा डावा हात यशवंतरावांच्या सीटच्या खांद्यावर होता. हिसक्याबरोबर त्यांनी आधाराला सीट धरली होती आणि आता ती मागे ओढण्यासाठी जीव खाऊन आवळत होत्या. त्यांचा अंगठा सीटच्या आतल्या कडेला, जाड रेक्झिनच्या कव्हरमध्ये, रुतला होता. अंगठा जितका रुतत होता तितकी सीट पुढे जात होती, आणि सीट जितकी पुढे जात होती तितक्या त्या अंगठा रुतवत होत्या.

काही महागड्या गाड्यांत पुढच्या सीटच्या खांद्यावर एक जास्तीचे बटण असते. मागे बसलेल्या मोठ्या माणसाला पाय पसरायचे असतील तर त्याने ते दाबून पुढची रिकामी सीट पुढे लोटावी, अशी त्यामागची योजना. प्राजक्ताची कंपनी ज्या गाड्यांच्या सीटा करी, त्यांत ते नव्हते. निघोज्याच्या गाडीत ते होते, पण कोणी कधी पाहिले नव्हते. गाडी शोरूममधून घरी येण्यापूर्वीच सीटकव्हरच्या दुकानात गेली होती. मूळचे चामडे मळू नये म्हणून त्यावर रेक्झिन चढले, रेक्झिन मळू नये म्हणून त्यावर प्लास्टिक राहिले, आणि लाखांच्या त्या सीटचा पृष्ठभाग घरातल्या कोणाच्याही दृष्टीस पडला नव्हता.

"आत्या, हात सोडा," प्राजक्ता म्हणाली.

"सोडते! आन् ह्यो चेपून मरू दे?"

"मेलो!" यशवंतरावांनी पुढून दुजोरा दिला.

समजावून सांगायला वेळ नव्हता. प्राजक्ताने कुसुमताईंचा हात दोन्ही हातांत धरला, एकेक बोट सोडवले आणि हात आपल्या मांडीवर घेतला. मोटर थांबली. सीट जिथे होती तिथे उभी राहिली.

आधी बोलले ते यशवंतराव. "थांबली," ते म्हणाले. "दाजी, बघितलं का? पोरीनं आक्कांचा हात हातात घेतला आन् थांबली."

दौलतरावांनी ते पाहिले होते. ते सावरून बसले आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "समजलं," ते म्हणाले. "आमालाच कळलं न्हवतं. ही घरात येत न्हाई तवर शांत व्हायचं न्हाई, असा अर्थ हाय त्याचा. ज्ञान्या, घे गाडी सरळ भोसरीला. मोडायचं न्हाई. साखरपुड्याची तारीख काढून यायची."

"मी म्हनतच व्हतो," यशवंतराव म्हणाले. त्यांनी तसे काही म्हटले नव्हते.

कुसुमताईंनी आपला हात प्राजक्ताच्या हातातून काढून घेतला नाही.

आरशात ज्ञानेशची नजर प्राजक्ताला भेटली. त्याने सगळे पाहिले नव्हते, पण तिच्या चेहऱ्यावरून त्याला पुरेसे कळले होते. त्याने मान किंचित हलवली. तिचा अर्थ स्पष्ट होता: गप्प बस.

सल्ला चांगला होता. तिला जे हवे होते ते मिळाले होते, तेही दहा माणसांना पटेल अशा पुराव्यानिशी. फक्त पुरावा खोटा होता. प्राजक्ताने त्याचा चाचणीच्या रीतीने विचार केला. सीटने लग्न जमवले, तर उद्या मागची काच आपोआप खाली आली की ते मोडणार. मिक्सर बंद पडला, इन्व्हर्टर वाजला, लिफ्ट अडकली, की घर तिच्या तोंडाकडे पाहणार. आणि दर वेळी हात धरून थांबेल अशी वस्तू मिळेलच असे नाही. शिवाय ती आज घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचा हात हातात घेऊन खोटे बोलली असती, आणि हे एकदा जमले की सवय लागते, असा तिचा इतर माणसांवरून अंदाज होता.

"गाडी बाजूला घे," ती म्हणाली.

ज्ञानेशने गाडी बाजूला घेतली. एखाद्या माणसाला चढावर हातगाडी ढकलायला सांगितल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

प्राजक्ताने सीटच्या पाठीमागचे कव्हरचे हूक सोडले आणि रेक्झिन वर गुंडाळले. खाली चामड्यात बसवलेले दोन लहान काळे खटके होते. एकाला तिने बोट लावले. सीट गुरगुरली आणि यशवंतराव दोन बोटे पुढे गेले.

"अगं अगं!" यशवंतराव म्हणाले.

"हे बटण आहे. मागच्या माणसासाठी. कव्हरखाली होतं म्हणून कुणाला दिसलं नाही. आत्या आधाराला इथं धरतात, तेव्हा ते दाबलं जातं. सीट सरकते म्हणून आत्या आणखी घट्ट धरतात, आणि त्यानं आणखी सरकते. एरवी आत्या या गाडीत नसतात, म्हणून एरवी सरकत नाही." ती थांबली. "कुणी वाट अडवत नव्हतं, आणि माझ्यामुळं थांबलीही नाही. मी फक्त हात काढला. मी तारा तपासत बसले. कव्हर आधीच काढायला हवं होतं."

यशवंतराव जमेल तितके मागे वळले. "म्हंजी आक्का," ते सावकाश म्हणाले, "मला दोन्ही टायमाला तुमीच—"

"यशवंता, गप," दौलतराव म्हणाले. मग ते प्राजक्ताकडे वळले. त्यांचा आवाज उतरला होता. "पोरी, जुळलं व्हतं समदं. आक्काला समद्यांम्होरं उघडं पाडायची काय गरज व्हती?"

प्राजक्ताकडे उत्तर होते, पण ते लांब होते. ती म्हणाली, "खरं तेच सांगितलं, काका."

कुसुमताईंनी दार उघडायला सांगितले. दौलतराव उतरले, त्यांच्यामागून त्या उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला पदर सावरून उभ्या राहिल्या. शेजारून कंटेनर धडधडत जात होते. ज्ञानेश स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. आता काही बोलणे म्हणजे आगीत हात घालणे, हे त्याला कळत होते.

थोड्या वेळाने कुसुमताई म्हणाल्या, "यशवंता, उतर."

यशवंतराव गुडघे सोडवून उतरले. कुसुमताईंनी मागच्या दारातून आत वाकून रिकाम्या सीटचा खटका दाबला. सीट पुढे गेली. त्यांनी बोट काढले. सीट थांबली. त्यांनी पुन्हा दाबला. मग विचारले, "मागं कशी न्यायची?" प्राजक्ताने दाखवले. त्यांनी सीट मागे नेली, पुढे नेली, पुन्हा मागे नेली. मग त्या स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "यशवंता, तू मागं बस आन् दाब."

"आक्का, नको."

"दाब म्हनते ना!"

यशवंतरावांनी मागे बसून अंगठा लावला. कुसुमताई ताठ बसून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, डॅशबोर्डपर्यंत गेल्या.

"लागतंय की रं," त्या म्हणाल्या.

"लागतंय तर!" यशवंतराव म्हणाले. इतक्या दिवसांनी कोणी तरी ते मान्य केले होते.

सीट मागे आल्यावर कुसुमताईंनी प्राजक्ताला जवळ बोलावले. "तुला गप बसता आलं असतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझंच भलं व्हतं त्यात."

"हो."

"आन् म्या रागवीन, ह्ये ठावं व्हतं."

"अंदाज होता."

कुसुमताईंनी तिला बराच वेळ न्याहाळले. मग त्या भावाला म्हणाल्या, "दौलत, घरात आपन समदी एकमेकाला बरं वाटंल तेच बोलतो. म्हनून सीटीला बोलायची पाळी आली. हिच्यासारखं एक मानूस घरात पायजे." त्यांनी क्षणभर विचार केला. "दोन नकोत. ज्ञान्या, तू तिच्यासारखा हू नगंस."

"नाही होत, आत्या," ज्ञानेश म्हणाला. त्याने एवढे मनापासून कबूल केलेले कोणी पूर्वी ऐकले नव्हते.

कुसुमताई पुढेच बसून राहिल्या. तिथून रस्ता सगळ्यांत चांगला दिसतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. यशवंतराव मागे मधे बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

भोसरीत ज्योतीराम दारातच उभे होते. पाहुणे कशासाठी येत आहेत ते त्यांना ठाऊक होते आणि आठवडाभर मशीनवर त्यांनी मनाशी बोलणे जुळवले होते. लेक त्याच गाडीतून उतरलेली पाहून ते जरा गोंधळले; पण जुळवलेले बोलणे विसरायच्या आत म्हणून टाकावे, असा त्यांनी विचार केला. पाहुणे टेकतात न टेकतात तोच त्यांनी हात जोडले.

"तुम्ही इतक्या लांबून समोर येऊन सांगायला आलाव, हेच लई झालं बगा. आमची काही तक्रार नाही. तुमच्या मनात एकदा शंका आली म्हणल्यावर लेक देऊन तरी काय सुख? ती पण समजदार हाय. आजपून तुम्ही मोकळे, आमी मोकळे. राग कुणाचाच नाही."

दौलतरावांनी मधे बोलायला तोंड उघडले. कुसुमताईंनी हाताने त्यांना थांबवले. माणसाने मेहनतीने जुळवलेले बोलणे पुरे होऊ द्यावे, अशी त्यांची रीत होती. ज्योतीरामांनी नशिबाचा उल्लेख केला, दोन्ही घरांच्या अब्रूचा केला, पुढेमागे भेट झाली तर ओळख ठेवा म्हणाले आणि दम घ्यायला थांबले.

"झालं?" कुसुमताईंनी विचारले.

"झालं बगा."

"चांगलं बोललात. आता पानी द्या, आन् साखरपुडा कंदी करायचा त्ये सांगा."

ज्योतीरामांनी लेकीकडे पाहिले. पुढे काय बोलायचे ते त्यांनी जुळवलेले नव्हते.